ती बाजू

(लालबागमधली एक चाळ, एप्रिल १९६०. शिवा बोटीवर खलाशी आहे. बकुळा त्याची बायको, सुंदराबाई त्याची आई. पाळण्यात लहानगी कमल. सुंदराबाई बाजारात गेल्या आहेत.)

बकुळा : थांबा, थांबा. परत पहिल्यापासून.

शिवा : पुरे की गं आता. घसा सुकला.

बकुळा : बोटीवर हुकूम देणाऱ्या त्या मालमसाहेबाला असंच सांगणार का, घसा सुकला म्हणून? आणि पोळपाट नीट धरा. बोटीचं चाक आहे ते. पोळ्या लाटायला नाही दिलेला. हं, म्हणा.

शिवा : नॉर्थ. नॉर्थ-ईस्ट. ईस्ट... वेस्ट. नॉर्थ-वेस्ट. नॉर्थ. झालं.

बकुळा : झालं काय? मधला तुकडा कुठे गेला?

शिवा : कुठला तुकडा?

बकुळा : ईस्टवरून थेट वेस्टवर उडी. मारुतीराय आहात का तुम्ही?

शिवा : विसरलो असेन.

बकुळा : काल विसरलात, परवा विसरलात. दर वेळी नेमकं तेवढंच कसं विसरता हो? बरं, राहू दे पाठांतर. मी हुकूम देते, तुम्ही चाक फिरवा. आणि तुमच्या रीतीप्रमाणे हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. स्टिअर वेस्ट!

शिवा : वेस्ट, सर.

बकुळा : सर काय? मॅडम म्हणा.

शिवा : मॅडम. बोटीवर मॅडम आली तर सगळे खलाशी दर्यात उड्या मारतील.

बकुळा : मारू देत. स्टिअर नॉर्थ-वेस्ट!

शिवा : नॉर्थ-वेस्ट, मॅडम.

बकुळा : स्टिअर साऊथ-साऊथ-वेस्ट! ...अहो? साऊथ-साऊथ-वेस्ट म्हटलं मी.

शिवा : हं.

बकुळा : हं काय? पोळपाट तर फिरवलात की. जेवढा फिरवायचा तेवढाच फिरवलात. मग तोंड का शिवलंय?

शिवा : कमलला बघ. उठली वाटतं.

बकुळा : झोपलीय ती, छान घामाघूम होऊन. इकडे बघा माझ्याकडे. मागच्या खेपेला मालमने तुम्हाला परत पाठवलं, ते ह्याच्यावरून का?

शिवा : हा घे तुझा पोळपाट.

बकुळा : मला तुम्ही सांगितलंत, इंग्रजी येत नाही म्हणून चाक धरणारा सुकाणी केलं नाही. इंग्रजी येतं तुम्हाला. दिशासुद्धा येतात. हाताला येतात म्हणजे डोक्याला येतात.

शिवा : हाताला येतात. तोंडाला येत नाहीत.

बकुळा : म्हणजे काय?

शिवा : बकुळा, तू ह्या घरात दोन वर्षं आहेस. ह्या घरात कुणाच्या तोंडून ते नाव ऐकलंस कधी?

बकुळा : कुठलं नाव? साऊथ?

शिवा : हळू बोल गं. साहेबाचं नाही, आपलं. मराठीतलं.

बकुळा : दक्षि...

शिवा : अगं हळू!

बकुळा : आई बाजारात गेल्यात. भायखळ्यापर्यंत ऐकू जाणार नाही. ...थांबा हं. म्हणून आई त्या बाजूला 'ती बाजू' म्हणतात होय? मला वाटलं, तिकडच्या बिऱ्हाडाशी भांडण असेल.

शिवा : भांडण नाही.

बकुळा : आणि कमलच्या बारशाला भटजींना पैसे देताना त्या म्हणाल्या, 'भटजींका विडो द्या.' विडा कुठे होता? रोख पैसे होते. दक्षिणा म्हणायचं नाही म्हणून!

शिवा : तो शब्दसुद्धा चालत नाही तिला.

बकुळा : आणि ती खिडकी? खिळा ठोकून बंद केलेली? मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिकडून धूर येतो गिरणीचा.

शिवा : धूर काय, सगळीकडूनच येतो.

बकुळा : पोरीला अंगभर घामोळं आलंय हो, आणि वाऱ्याची एकुलती एक खिडकी खिळ्याने बंद! काय झालं होतं त्या बाजूला?

शिवा : आमचा बाबा. गलबतावर तांडेल होता. देवगडहून मंगळूरला कौलं आणायला गेला, माझ्या एवढ्याशा हातात साखरेचा बत्तासा देऊन. परत नाही आला. गलबताची फळीसुद्धा नाही आली. दोन माणसं घरी आली, त्या बाजूचं नाव घेतलं आणि म्हणाली, थंय फुटला गलबत. एवढंच. आई चूल फुंकत होती. तेव्हापासून तो शब्द घरात नाही.

बकुळा : ...आणि तुम्ही?

शिवा : मी लहान होतो. एकदा खेळताना बोललो, तर पाठीत बसली. मग आम्ही मुंबईत आलो, मामाच्या ह्या खोलीत. शाळेत मास्तरने विचारलं, कोचीन मुंबईच्या कुठल्या दिशेला? मला येत होतं. तोंड उघडलं, आणि आईचा चेहरा दिसला. मास्तर म्हणाला, ठोंब्या. छडी बसली. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. मग मी जायचंच बंद केलं.

बकुळा : अहो, आणि हे तुम्ही कुणालाच नाही सांगितलं?

शिवा : सांगायचं काय? खलाश्याला दिशा कोण विचारतं? गंज खरवड, रंग मार, दोर ओढ. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आता आमच्या खलाश्यांच्या मुकादमाने, सारंगाने, मालमला माझं नाव सुचवलं, पोरगा हुशार आहे म्हणून. चाकावर उभा केला. मालमने हुकूम दिला, आत्ता तू दिलास तोच. मी चाक दिलं. होक्याचा काटा बरोबर दिशेवर आला. पण रीत अशी की हुकूम मोठ्याने परत म्हणायचा, नाहीतर मालमला कळणार कसं, ह्याला समजलं की नाही? मी उभा. तो परत ओरडला. मी उभा. तिसऱ्यांदा त्याने दुसऱ्या माणसाला चाक दिलं.

बकुळा : पण साऊथ म्हणायचं होतं, दक्षिण नव्हे! साहेबाचा शब्द तो. त्यात आईंचं काय आहे?

शिवा : माणूस तोच ना? सदरा बदलला म्हणून काय झालं?

बकुळा : हं.

शिवा : तू माझं नाव घेतेस का? एकदा तरी हाक मारलीस, ए शिवा म्हणून?

बकुळा : इश्श. उखाण्यात घेते की. लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं.

शिवा : मग मला पण एखादा उखाणा शोधून दे त्या शब्दासाठी. शुक्रवारी बोट गोदीतून निघते, इंजिन तपासायला बाहेर फेरी मारणार. मालम म्हणाला, हा शेवटचा चान्स. आणि मुंबईच्या बंदरातून बाहेर पडायचं म्हणजे पहिला हुकूम त्याच बाजूचा असतो. सोडता येत नाही.

बकुळा : आपण आईंनाच सांगू या. त्या सोडवतील तुम्हाला.

शिवा : अजिबात नाही. आपल्यामुळे पोरगा नापास झाला हे तिला कळलं, तर ती जेवायची थांबेल. शपथ आहे तुला.

बकुळा : शपथबिपथ घालू नका, मला पाळता येत नाहीत. ...बरं. मी उद्या नानांकडे जाऊन येते.

शिवा : नाना काय करणार? तुझे वडील रात्रशाळेत गणित शिकवतात.

बकुळा : गणित शिकवतात, पण शाळेतला तो जाडा इंग्रजी शब्दकोश उशाला घेऊन झोपतात. त्यात प्रत्येक शब्दाचं कूळ दिलेलं असतं. कुठून आला, आईबाप कोण. बघू या तुमचा हा साऊथ कुठल्या घरचा आहे. आणि काय हो, गिरगाव लालबागच्या कुठल्या बाजूला येतं?

शिवा : त्याच बाजूला.

बकुळा : म्हणजे माझं माहेरसुद्धा तिकडेच! तरीच आई म्हणतात, 'माहेराक जातंस तर जा,' पण कुठे ते कधी म्हणत नाहीत.

* * *

सुंदराबाई : इलंस? माका वाटला, बापाकडेच ऱ्हवतंस आता एक तारखेपर्यंत.

बकुळा : ट्रामला उशीर झाला, आई. जिथे तिथे कमानी उभारतायत. परळ काय, गिरगाव काय, सगळीकडे बांबू आडवे.

सुंदराबाई : उभारतले तर! आमचा राज्य येता. कमल चेडवाक हय दी माझ्याकडे. आगो माझ्या बाय, लालभडक झाला गो अंग हेचा. शिवा, पंखो घे नि वारो घाल.

शिवा : घालतोय, आये.

बकुळा : केवढ्या पताका केल्यात हो तुम्ही! सगळी खळ हाताला.

सुंदराबाई : शेजारची राधाबाय निस्त्या कातरता, नि चिकटवूक मी. आख्खी चाळ सजवची असा. नाना बरे मां?

बकुळा : बरे आहेत. तुम्हाला एक गंमत सांगू का? नानांनी आज मला साहेबाच्या दिशा शिकवल्या.

शिवा : बकुळा, आधी जेवून घे.

बकुळा : जेवले मी. आई, शब्दांनासुद्धा कूळ असतं, माहीत आहे?

सुंदराबाई : शब्दांक कूळ? नि गोत्र? मगे लग्ना पण जमवतत काय तेंची?

बकुळा : जमवतात हो! साहेब उगवतीला ईस्ट म्हणतो. नाना म्हणाले, त्याचा मूळ अर्थ पहाट. उजाडतं ती बाजू. आपल्या पोथीत उषा आहे ना, ती आणि हा ईस्ट म्हणे एकाच आजीची नातवंडं.

सुंदराबाई : काय सांगतंस! दीडशे वर्षां हय बसलो, नि नातो आता सांगता?

बकुळा : आणि वेस्ट म्हणजे संध्याकाळ. तिन्हीसांज.

सुंदराबाई : म्हंजे उगवत नि मावळत. ह्यात सायबान नवीन काय केल्यान? माझी आजी शाळेत गेली नाय, पण ह्या तिका ठाऊक होता.

बकुळा : तेच तर! सगळ्यांच्या आज्या सारख्याच म्हणायच्या. आता नॉर्थ. ह्याच्याबद्दल पंडितांचं पक्कं ठरत नाही. पण एक मत असं की नॉर्थ म्हणजे डावी बाजू. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात जिकडे येतो ती.

सुंदराबाई : थांब हां. करून बघतंय. चेडवाक धर. उगवत ही, राधाबायच्या खोलीकडे. डावो हात हो असो... परळाकडे. हां! बरोबर गो. परळ वर असा.

शिवा : आये, पताका वाळतायत तुझ्या. खळ घट्ट होईल.

सुंदराबाई : होवंदे. माका मजा येता. पुढे सांग गो. नि उजवो हात?

बकुळा : ...

सुंदराबाई : गप कित्याक झालंस? उजवो हात हो असो लांब केलंय मी. खय इलो बघ...

शिवा : आये, खाली कर हात.

सुंदराबाई : ...खिडकेकडे इलो.

बकुळा : हो, आई. आपल्या लोकांनीसुद्धा उगवतीकडेच तोंड करून नावं ठेवली. समोर ती पूर्व. पाठीमागे ती पश्चिम. आणि त्या बाजूचं नाव म्हणजे नुसता उजवा हात. ज्या हाताने जेवतो, देतो, कमलच्या डोक्यावर ठेवतो, तो हात. दुसरं काही नाही त्या शब्दात.

सुंदराबाई : बकुळा. माझ्या घरात ह्यो विषय नाय.

बकुळा : आई, मी नाव तरी घेतलं का? मी फक्त...

सुंदराबाई : चार बुकां शिकलंस म्हणान माका उजवो हात शिकवतंस? माझी बांगडी खयच्या हातातली पयली फुटली, ता माका ठाऊक असा.

शिवा : आये, ती तुला शिकवत नाही. माझ्यासाठी गेली होती ती.

सुंदराबाई : तुझ्यासाठी? तुका काय झाला?

बकुळा : सांगा आता. नाहीतर मी सांगते.

शिवा : काय नाही. मागच्या खेपेला चाकावर उभा केला होता मला, सुकाणी करायला.

सुंदराबाई : नि इंग्रजी येयना म्हणान घेतल्यानी नाय. ता सांगलंस तू माका.

शिवा : इंग्रजी येत होतं. हुकूम त्या बाजूचा होता, आये. हुकूम मोठ्याने परत म्हणायचा असतो. माझ्या तोंडातून निघाला नाही.

सुंदराबाई : ...कित्याक?

शिवा : कित्याक म्हणजे काय, आये? तू नको म्हणाली होतीस ना.

सुंदराबाई : मी... आरे मेल्या, ता घरात! घरात नको म्हटलंय मी. बोटीर कोण इला तुका मारूक?

शिवा : तूच आलीस. शाळेत पण तूच यायचीस.

सुंदराबाई : शाळा तू तेच्यासाठी सोडलंस?

बकुळा : आई, बसा. बसा हो जरा. पाणी आणते.

सुंदराबाई : नको पाणी. ...तुका वाटता काय शिवा, ती खिडकी मी पयल्यापासून बंद केली?

शिवा : मी बोटीवर होतो तेव्हा केलीस. परत आलो तर खिळा.

सुंदराबाई : बारा वर्षां ती उघडी होती. घोव दर्यार हरवलो तर बारा वर्षां कुंकू पुसूचा नसता, वाट बघूची असता. रीत ती. ह्या खोलयेत भाऊस माका घेवन इलो, तेव्हा मी पयला काय बघलंय? ती बाजू खय. तिकडे खिडकी असा म्हणान ह्या खोलयेत ऱ्हवलंय. गिरणीतसून इलंय की थंय बसा. पाऊस येवंदे, धूर येवंदे. नाव तोंडात घेवक जीव होयना, पण नजर थंयच. बारा वर्षां पुरी झाली. भटान सांगल्यान, आता पुरे बाय. त्याच दिवशी मी कुंकू पुसलंय, नि त्याच दिवशी खिळो मारलंय.

शिवा : मला नव्हतं माहीत, आये.

सुंदराबाई : तुका सांगून काय? तू तेव्हा त्याच दर्यार होतंस.

बकुळा : आई... मी उगाच विषय काढला का?

सुंदराबाई : काढलंस तर पुरो कर. सायबाच्या बुकात काय म्हटला असा त्या बाजूक?

बकुळा : सूर्य.

सुंदराबाई : काय?

बकुळा : सूर्याची बाजू. नाना म्हणाले, साहेबाचा देश थंडीचा. तिथे हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतच नाही, त्या बाजूने खालून खालून जातो. म्हणून ते लोक त्या बाजूची वाट बघतात. ऊन यायचं ते तिकडून येतं. बहुतेक त्यावरूनच नाव पडलं.

सुंदराबाई : तेंचो सूर्य थंय, माझो घोव पण थंयच.

शिवा : आये...

सुंदराबाई : नाय, बोलंदे तिका. तेंची वाट बघून तेंका सूर्य मिळता. माका काय मिळाला? त्या बाजूसून कोण परत येता?

बकुळा : तुम्ही आलात.

सुंदराबाई : मी? मी खय गेलंय थंय?

बकुळा : पंचावन्न साली. नोव्हेंबरात. गिरणीतल्या तुमच्या खात्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन आपल्या राज्यासाठी मोर्चाला गेला होतात ना? राधाबाई अजून सांगतात, सुंदराबाई पुढे आणि आम्ही पाठी.

सुंदराबाई : ता फौंटनाक! फौंटनाक गेलंव आम्ही.

बकुळा : लालबागहून फौंटन कुठल्या बाजूला, आई?

शिवा : चिंचपोकळी, भायखळा, मग खाली फौंटन. सरळ तीच बाजू, आये.

सुंदराबाई : माका काय म्हायत? मी बाजू बघून चल्लंय? माणसांबरोबर चल्लंय.

बकुळा : किती चाललात! ऊन कुठे होतं हो तेव्हा?

सुंदराबाई : ऊन? आगो, ऊन कपाळार! भर दुपार, डोळे उघडूक होयनत. पदर असो पुढे ओढून चल्लंव. राधाबाय म्हणाली, सुंदरे, सूर्य काय आमच्या मोर्च्याच्या पुढे चल्लोहा काय? नि आम्ही सगळ्यो हसाक लागलंव. ...कपाळारच होतो तो. जायसर कपाळार.

बकुळा : हं.

सुंदराबाई : मगे गोळयो सुटल्यो. माणसां पडली थंय, बकुळा. माझ्या हातापाशी एक पडलो, चपला पायात तशीच. विसरलंय नाय मी.

बकुळा : नाही विसरायचं, आई. त्यांच्यासाठीच तर पताका लावतोय आपण.

शिवा : त्या दिवशी मी कोचीनला होतो. मला नंतर कळलं. मी सारंगाला म्हटलं, आमची म्हातारी पोलिसाच्या काठीला भीत नाही.

सुंदराबाई : म्हातारी कोणाक म्हणतंस रे?

शिवा : तुला नाही. राधाबाईला.

सुंदराबाई : सांगतंय तिका. ...काळोखात घराक इलंव. पाय सुजलेले. तेव्हा सुचला नाय माका. त्या बाजूसून मी चलत परत इलंय.

बकुळा : आई...

सुंदराबाई : बस आता. चेडवाक घे. माझी खळ सुकली तुमच्या कुळाच्या नादात. शिवा, तुझी परीक्षा कधी?

शिवा : परवा, शुक्रवारी.

सुंदराबाई : हुकूम आयकाक इलो तर तोंड उघड. मी बोटीर येवचंय नाय. चाळीत कामां पडली हत माका.

* * *

बकुळा : आलात? जिन्यात का उभे? आधी सांगा, काय झालं?

शिवा : पाणी तरी दे.

बकुळा : हे घ्या, राधाबाईंच्या माठातलं. आता सांगा. नाही, थांबा, तोंडावरून कळतंय मला. नाही, काही कळत नाही. सांगा हो!

शिवा : गोदीतून निघालो. बंदराबाहेर वाट दाखवणारा पायलट उतरला. मालम म्हणाला, चल, चाक घे. सारंग पाठी उभा, माझ्यापेक्षा तोच घामाने भिजलेला. आणि हुकूम आला.

बकुळा : साऊथ?

शिवा : साऊथ-साऊथ-वेस्ट. तोच. हात गेले चाकाबरोबर. होका फिरला. आणि तोंड... परत शिवलेलं.

बकुळा : मग?

शिवा : मग मी मनात उगवतीकडे तोंड केलं. डावीकडे परळ. उजवा हात लांब केला, आणि तिथे आईचा हात दिसला, खळीने बरबटलेला. आई बोलत काही नव्हती. कपाळावर पदर ओढून चालत होती, ऊन तोंडावर घेऊन. मला हसूच आलं. हसता हसता तोंड उघडलं आणि शब्द निघाला. एवढा मोठ्याने निघाला की मालम दचकला.

बकुळा : खरंच?

शिवा : साऊथ-साऊथ-वेस्ट, सर! अख्ख्या दर्याला ऐकू गेलं असेल.

बकुळा : अगं बाई... आणि मग?

शिवा : मग काय, एकामागून एक हुकूम. साऊथ, साऊथ बाय वेस्ट. सगळे म्हटले. तोंडाला चव लागली होती. परत येताना मालम म्हणाला, लास्ट टाईम काय झालं होतं तुला? मी म्हटलं, सर, घरचं काम होतं जरा.

बकुळा : आणि ठेवलं का तुम्हाला?

शिवा : सोमवारी बोट सुटते. सुकाणी म्हणून नाव लागलंय.

बकुळा : कमले! ऐकलंस का गं? तुझे बाबा... अहो, मला रडू येतंय.

शिवा : रड. मी पण ट्राममध्ये रडलो. बाजूचा माणूस म्हणाला, राज्य मिळालं म्हणून का? मी म्हटलं, हो. ...आई कुठाय?

बकुळा : आत आहेत. दुपारपासून मला आत येऊच देत नाहीत. कमलला घेऊन गॅलरीत बस म्हणाल्या. शेजारून हातोडी घेऊन गेल्यात. मी म्हटलं, पताका ठोकतायत वाटतं.

शिवा : हे काय, वारा कुठून येतोय? बकुळा, पताका हलतायत बघ आतल्या.

बकुळा : अगं बाई. खिडकी!

सुंदराबाई : ओरडूक काय झाला? चेडवाक घामोळा इला म्हणान उघडली. दुसरा काय नाय. खिळो काढूक हात सोलला माझो. गंजून बसलोहा.

शिवा : आये, पास झालो.

सुंदराबाई : आयकलंय मी. गॅलरीत एवढ्या मोठ्यान बोलतंस, काळाचौकीक आयकाक गेला आसतला. हय ये. वाक. ...उजवो हात असा हो. शिकलेल्या सुनेक विचार हवा तर.

बकुळा : बरोबर आहे, आई.

सुंदराबाई : सोमवारी बोट सुटता म्हटलंस. खय जातली?

शिवा : कोलंबो. आधी मंगळूर, मग कोचीन, मग... त्या बाजूक.

सुंदराबाई : त्या बाजूक म्हंजे? सुकाणी मां रे तू? नाव घे.

शिवा : दक्षिणेक, आये.

सुंदराबाई : हां. मगे तू येयपर्यंत ही उघडीच ऱ्हवांदे.